खंबाटकी घाटापर्यंतचा बाजार

पंचाहत्तर हजार! चीनमधल्या यिवू शहरातल्या एका बाजारात ७५,००० दुकानं आहेत. अख्ख्या शहरात नव्हे, एका बाजारात.

एकेक गाळा तसा छोटा. नेहमीचा गाळा धरला तर तीन मीटर रुंद आणि तीन मीटर खोल, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बेताच्या खोलीएवढा. आता एक गंमत करू. हे सगळे गाळे इमारतींतून अलगद उचलू आणि रस्त्याच्या कडेला, भिंतीला भिंत लावून, एका ओळीत मांडत जाऊ. सुरुवात मुंबईत. दादर गेलं, वाशीचा पूल गेला, पनवेल गेलं, खोपोली आली. बोरघाट चढलो, लोणावळा मागे पडलं, आणि हे पुणं! दीडशे किलोमीटर झाले. मुंबई-पुणे रस्त्याची एक अख्खी बाजू दुकानांनी भरली. मध्ये एका माणसाला रस्ता ओलांडायला जाण्यापुरतीही फट नाही. आणि किती दुकानं संपली? पन्नास हजार. अजून पंचवीस हजार शिल्लक आहेत! मग थांबायचं कशाला? कात्रजचा बोगदा, नीरा नदीचा पूल, शिरवळ, खंडाळा... आणि साताऱ्याच्या वाटेवर, खंबाटकी घाटाच्या आसपास कुठेतरी, शेवटचा गाळा टेकतो. सव्वादोनशे किलोमीटरची एक सलग बाजारपेठ, डावीकडे दुकानं आणि उजवीकडे डोंगर.

हे यिवू आहे तरी कुठे? शांघायपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर, झेजियांग प्रांतात. चीनच्या हिशेबानं हे काही महानगर नव्हे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १८ लाख ५९ हजार होती. आपल्या नाशिक शहराची २०११ मधली लोकसंख्या १४ लाख ८६ हजार आणि नागपूरची २४ लाख; त्या दोहोंच्या मधलं हे गाव. पण त्याच्या पोटात हा बाजार आहे! कागदोपत्री नाव ‘आंतरराष्ट्रीय व्यापार नगरी’, लोकांच्या तोंडी ‘फूथ्यान बाजार’. एकूण पसारा ६४ लाख चौरस मीटर सांगतात. चौरस मीटर म्हटलं की डोळ्यांसमोर काही येत नाही, म्हणून दादरचं शिवाजी पार्क घेऊ. ते साधारण २८ एकर. मजल्यावर मजले धरून या बाजाराचा पसारा शिवाजी पार्कच्या ५६ पट भरतो. छप्पन्न शिवाजी पार्क, आणि सगळी दुकानं, जिने, सरकते जिने आणि माल यांनी भरलेली! दिवसाला दोन लाखांहून जास्त माणसं या बाजारात येऊन जातात. वानखेडे स्टेडियम सहा वेळा गच्च भरेल एवढी ही माणसं, आणि तीही सामना नसताना, रोज.

चला, आता खरेदीला निघू. घाई नको, पण रेंगाळणंही नको. प्रत्येक दुकानात फक्त तीन मिनिटं थांबायचं. आत शिरायचं, मालावर नजर फिरवायची, एखाद्या वस्तूचा भाव विचारायचा आणि पुढच्या दुकानात. दिवसाचे आठ तास. जेवणाची सुट्टी नाही, चहा नाही, रविवार नाही. पंचाहत्तर हजार दुकानांना प्रत्येकी तीन मिनिटं म्हणजे सव्वादोन लाख मिनिटं, म्हणजे ३,७५० तास, म्हणजे ४६९ दिवस! गुढीपाडव्याला घराबाहेर पडलेला माणूस गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत, होळी सगळं दुकानांतच काढेल. पुढचा पाडवाही तिथेच उजाडेल. आषाढी एकादशीच्या आगेमागे कधीतरी तो शेवटच्या दुकानातून बाहेर पडेल. आणि तोवर पहिल्या दुकानातला माल कधीच बदललेला असेल!

बाजाराचे विभाग आहेत, त्यांना तिथे ‘जिल्हे’ म्हणतात. पहिला जिल्हा २००२ मध्ये उघडला, दुसरा २००४ मध्ये, आणि पाचवा २०११ मध्ये. पहिल्यात खेळणी, कागदी आणि कापडी फुलं, नकली दागिने. दुसऱ्यात छत्र्या, बॅगा, कुलपं, पाने-पक्कड, घड्याळं. तिसऱ्यात पेन-पेन्सिली, चष्मे, सौंदर्यप्रसाधनं, खेळाचं साहित्य, बटणं आणि चेन. चौथ्यात मोजे, टोप्या, टॉवेल, पट्टे, लेस. पाचव्यात अंथरुणं-पांघरुणं, गाड्यांचं सामान आणि परदेशातून आलेला माल. हे वाचायला एका दमात होतं. चालायला गेलं तर नुसत्या छत्र्यांच्या गल्लीत पाय दुखायला लागतात. एका दुकानात फक्त छत्र्या, शेजारी फक्त छत्र्या, समोर फक्त छत्र्या, वळलं की पुन्हा छत्र्या. आपल्या गावात छत्रीचं दुकान म्हणजे जून उजाडला की आठवणारं एक दुकान. इथे छत्र्यांचं अख्खं गाव वसलं आहे.

आणि इथली खरेदीची रीतच वेगळी. गाळ्यात माल नसतो, मालाचे नमुने असतात. भिंतीवर खालपासून वरपर्यंत टांगलेली पाचशे प्रकारची किल्लीची कडी. आपण एकाकडे बोट दाखवायचं. मालकीणबाई (गाळ्यावर बहुतेक ठिकाणी बाईच बसलेली दिसते) कॅल्क्युलेटर पुढे ओढते, आकडा दाबते आणि पडदा आपल्याकडे वळवते. आपण मान हलवायची, कॅल्क्युलेटर घ्यायचा आणि आपला आकडा दाबायचा. अरबी, स्पॅनिश, हिंदी, स्वाहिली, कोणतीही भाषा असो, घासाघीस होते ती या छोट्या पडद्यावर. पण खरा सवाल भावाचा नसतो. खरा सवाल असतो, ‘पेट्या किती?’ एका पेटीत किती नग, पेटी केवढी, निदान किती पेट्या उचलणार. बारा नगांना कोणी विचारत नाही. सहाशे नगांची एक पेटी आणि अशा वीस पेट्या म्हटल्या की मग बाईंचा चेहरा खुलतो. हा माल कारखान्यातून थेट व्यापाऱ्याच्या दलालाच्या गोदामात जातो. तिथे पन्नास दुकानांच्या पेट्या एकत्र येऊन एक कंटेनर भरतो. एका कंटेनरमध्ये चमचे, चपला, राख्या, कुलपं आणि हवा भरायचे फुगे! छोट्या व्यापाऱ्याला एकाच मालाचा अख्खा कंटेनर परवडत नाही, म्हणून यिवूनं मिसळीचा कंटेनर सोपा करून दिला. माझ्या मते या शहराची खरी करामत ती हीच.

आता वस्तू मोजू. बाजाराच्या हिशेबानं इथे २१ लाख वेगवेगळ्या वस्तू मिळतात. एकवीस लाख नग नव्हेत, एकवीस लाख *प्रकार*. समजा आपण ठरवलं की रोज एक वस्तू पाहायची. आज एक, उद्या दुसरी, एकही दिवस न चुकता. किती वर्षं लागतील? पाच हजार साडेसातशे! आज पाहणं संपायला हवं असेल तर सुरुवात मोहेंजोदडोची विटांची गटारं बांधली जाण्याच्या कितीतरी आधी करायला हवी होती. इजिप्तचा मोठा पिरॅमिड उभा राहायच्या आधीच आपल्या चारएक लाख वस्तू पाहून झाल्या असत्या. अशोकाचे शिलालेख कोरले गेले तेव्हा आपण बाजाराच्या अर्ध्यावर पोहोचून थोडे पुढे गेलो असतो. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्या दिवशी सव्वा लाखांहून जास्त वस्तू बाकी असत्या!

एवढं सगळं उगवलं कुठून? कोंबडीच्या पिसांतून. हे अगदी खरं आहे. यिवूची जमीन फार सुपीक नव्हती. म्हणून इथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या रिकाम्या हंगामात खांद्यावर कावड घेऊन, मूठ फिरवली की टकटक वाजणारा छोटा डुगडुगा वाजवत, गावोगाव हिंडत. कावडीत गुळासारखी साखर. ती द्यायची आणि बदल्यात घराघरातली कोंबडीची पिसं घ्यायची. आपल्याकडे बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देते, तसाच हा व्यवहार. पिसांचं शेताला खत होई, चांगल्या पिसांचे झाडू बनत. मग हळूहळू साखरेबरोबर सुया, दोरे, बटणंही कावडीत आली.

माओच्या काळात असा खासगी व्यापार म्हणजे गुन्हा. तरी तो चोरूनमारून चालू राहिला. १९८२ च्या मे महिन्यात फेंग आयच्यान नावाच्या एका विक्रेतीनं काउंटीच्या कचेरीबाहेर थेट पक्षाचे सचिव शिये गाओहुआ यांनाच गाठलं. आम्ही रस्त्यावर बसून पोट भरतो, मग आम्हाला सारखं का हुसकावता, असा तिचा सवाल. शिये यांनी तिचं ऐकून घेतलं, आणि वरून परवानगी आलेली नसतानाही जबाबदारी स्वतःवर घेतली. त्या वर्षी ५ सप्टेंबरला हूछिंगमेन इथे यिवूचा पहिला उघड बाजार भरला. सातशेच्या आसपास ठेले, उघड्यावर. आज पंचाहत्तर हजार! चाळीसेक वर्षांत शंभर पटींहून जास्त. तीच मुंबईची ओळ पुन्हा आठवा. १९८२ चे सातशे ठेले तीन-तीन मीटरांचे धरले तर ते जेमतेम दोन किलोमीटर भरतात. व्हीटीहून निघालेली ती ओळ मशीद बंदर ओलांडून भायखळ्याच्या अलीकडेच संपते. तिथून ती खंबाटकीपर्यंत गेली. २०१८ मध्ये चीननं आपल्या आर्थिक सुधारणांच्या चाळिसाव्या वर्षी गौरवलेल्या माणसांत शिये गाओहुआ होते. पुढच्याच वर्षी ते वारले.

आता जरा जग फिरून येऊ. डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एखाद्या घरातल्या नाताळच्या झाडावर चमकणारा गोळा कुठचा असेल? एका वारंवार सांगितल्या जाणाऱ्या अंदाजानुसार जगातल्या नाताळच्या सजावटीपैकी ६० टक्क्यांहून जास्त माल यिवूतून जातो. म्हणजे जगभरातल्या दर पाच गोळ्यांपैकी तीन! आणि हा माल निघतो कधी? जुलै-ऑगस्टच्या घामट उन्हाळ्यात. बाहेर अंगाची लाही होत असते आणि गाळ्यांत सांताक्लॉजच्या टोप्यांच्या पेट्या बांधल्या जात असतात. २०२२ मध्ये कतारला फुटबॉलचा विश्वचषक झाला. तेव्हा यिवूच्या क्रीडासाहित्य संघटनेनं अंदाज दिला की झेंडे, शिट्ट्या, स्कार्फ, टोप्या अशा मालाच्या बाजारपेठेतला सुमारे ७० टक्के वाटा यिवूचा आहे. बत्तीस देश मैदानात, आणि बहुतेकांच्या चाहत्यांचे झेंडे एका गावातले!

आपणही त्यातलेच गिऱ्हाईक. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा लोहार चाळीत दिवाळीआधी गेलं की छतापासून लोंबणाऱ्या दिव्यांच्या माळा, प्लॅस्टिकची तोरणं, पेन, कंपासपेट्या, केसांच्या क्लिपा दिसतात. त्यातल्या कितीतरी मालाची वाट यिवूपर्यंत जाते. भारतीय व्यापारी तिथे वर्षानुवर्षं जात आहेत. काही तर तिथेच घर करून राहिले. शहरात भारतीय खानावळी आहेत आणि गाळ्यांवर आपल्या देवदेवतांच्या मूर्तीही मिळतात. दोनशेहून जास्त देश-प्रदेशांत इथला माल जातो, तेव्हा प्रत्येकाच्या देवाची आणि सणाची सोय गाळ्यावर असणारच.

आता सगळ्यात लहान वस्तूपाशी थांबू, कारण मला या सगळ्या आकड्यांत सर्वांत जास्त थक्क करणारा आकडा तिथे सापडला. शहाळ्यात किंवा सरबतात घालतो ती स्ट्रॉ. यिवूतली श्वांगथोंग ही कंपनी या स्ट्रॉसाठी प्रसिद्ध आहे. तिचा एक हिशेब चीनमध्ये लोकांना पाठ आहे. एका स्ट्रॉची किंमत ०.००८ युआन आणि तिच्यावरचा नफा ०.०००८ युआन. एका युआनला साडेअकरा रुपये धरू. म्हणजे स्ट्रॉ नऊ पैशांना आणि नफा एक पैशाहूनही कमी! एक रुपया सुटायला १०९ स्ट्रॉ विकाव्या लागतात. लाख रुपये मिळवायचे? एक कोटी नऊ लाख स्ट्रॉ. प्रत्येक वीतभर, म्हणजे वीस सेंटीमीटर धरली आणि टोकाला टोक लावलं तर दोन हजार एकशे ऐंशी किलोमीटर! मुंबईहून रेल्वेरुळांच्या कडेनं मांडत निघालो तर नाशिक, भुसावळ, नागपूर, रायपूर करत हावड्याला पोहोचू आणि वर दोनशे किलोमीटरच्या स्ट्रॉ हातात उरतील. आणि ही सगळी वाटचाल कशासाठी? लाख रुपयांसाठी. तरी कंपनी चालते, वाढते, आणि जगभर माल पाठवते. यिवूचा अख्खा डोलारा या पैशाच्याही तुकड्यावर उभा आहे. तो तुकडा कोटींनी गुणला की काय होतं, तेच आता बघायचं आहे.

आधी माल हलवू. १८ नोव्हेंबर २०१४ ला यिवूच्या स्टेशनातून एक मालगाडी सुटली. मुक्काम पोस्ट माद्रिद, स्पेन! चीन, कझाकस्तान, रशिया, बेलारूस, पोलंड, जर्मनी, फ्रान्स आणि शेवटी स्पेन. आठ देश आणि तेरा हजार किलोमीटर. तीन आठवड्यांनी, ९ डिसेंबरला, ती नाताळच्या तोंडावर माद्रिदला टेकली. तेरा हजार किलोमीटर म्हणजे किती? आपली डेक्कन क्वीन घ्या. मुंबई-पुणे रेल्वेनं १९२ किलोमीटर. तिला ६८ वेळा धावावं लागेल. रोज सकाळी पुण्याहून निघून संध्याकाळी परत, असं सलग चौतीस दिवस! आपल्या देशातली सर्वांत लांब पल्ल्याची गाडी, दिब्रुगड-कन्याकुमारी विवेक एक्स्प्रेस, साधारण बेचाळीसशे किलोमीटर जाते. ती तीन वेळा टोकापासून टोकापर्यंत नेली तरी माद्रिद चारशे किलोमीटर लांबच. आणि वाटेत रूळ बदलतात! चीनचे रूळ १,४३५ मिलिमीटर रुंदीचे, कझाकस्तान-रशियाचे १,५२०, पोलंडपासून पुन्हा १,४३५ आणि स्पेनचे १,६६८. म्हणून प्रवासात तीन ठिकाणी कंटेनर एका गाडीवरून उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवावे लागतात. १ जानेवारी २०१७ ला अशीच एक गाडी लंडनला निघाली आणि अठरा दिवसांत पोहोचली.

पण गाडी हा कौतुकाचा भाग. खरा लोंढा जातो समुद्रानं, निंगबो-झौशान बंदरातून. यिवूचा माल या बंदराच्या पोटात पडतो आणि इतर शहरांच्या मालात मिसळतो. या बंदरानं २०२४ मध्ये वीस फुटी कंटेनरांच्या हिशेबानं ३ कोटी ९३ लाख कंटेनर हाताळले. आपल्या न्हावाशेवानं २०२४-२५ मध्ये ७३ लाखांच्या आसपास. त्याच्या पाचपटीहून जास्त! हे ३ कोटी ९३ लाख कंटेनर एकामागे एक लावले तर विषुववृत्ताला सहा वेढे बसतात. पृथ्वीला कंटेनरांचा सहापदरी कंबरपट्टा, आणि तोही एका वर्षात, एका बंदरातून.

पार्सलांकडे वळू आणि श्वास धरून ठेवू. चीनमध्ये घरबसल्या ऑनलाइन खरेदी वाढली तसं यिवू पार्सलांचंही आगर झालं. यिवू ज्या जिन्हुआ शहराच्या अखत्यारीत येतं, त्या जिन्हुआ-यिवूनं २०२१ मध्ये ११०० कोटींहून जास्त पार्सलं रवाना केली. त्या वर्षी चीनमधल्या दर दहा पार्सलांमागे एक या एका भागातून निघालं. अकराशे कोटी! भारतातल्या प्रत्येक माणसाला, तान्ह्या बाळासकट, सात-आठ पार्सलं आली असती. दिवसाला तीन कोटी. मुंबईच्या लोकल गर्दीच्या वर्षांत दिवसाला ७५ लाखांच्या घरात माणसं वाहतात. प्रत्येक पार्सल एक माणूस धरलं, तर एका दिवसाची पार्सलं वाहायला चर्चगेट ते डहाणू आणि व्हीटी ते कसारा-खोपोली अशा सगळ्या लोकलना चार दिवस लागतील. तोवर पुढच्या तीन दिवसांची नऊ कोटी पार्सलं फलाटावर येऊन उभी!

दर सेकंदाला ३५०. हे वाक्य वाचायला दोन सेकंद लागले असतील, तर सातशे गेली. प्रत्येक पार्सल डब्याएवढं, तीन लिटर मापाचं धरू. आता आपल्या गावाकडची एक विहीर घेऊ, वीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल, जिच्यावर एका शेतकऱ्याचा ऊस उभा असतो. तिच्यात वरून पार्सलं ओतायला लागू. सहा मिनिटांच्या आत विहीर काठोकाठ! एका दिवसात अडीचशे विहिरी. वर्षात त्र्याण्णव हजार. महाराष्ट्रात सुमारे त्रेचाळीस-चव्वेचाळीस हजार गावं आहेत. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत प्रत्येक गावात दोन-दोन विहिरी पार्सलांनी भरून टाकल्या तरी वर्षाचा माल संपत नाही.

आता पैसा. २०२४ मध्ये यिवू शहराची आयात-निर्यात मिळून झाली सुमारे ६६९ अब्ज युआन. रुपयांत सात लाख एकोणसत्तर हजार कोटी! महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. बारा-तेरा कोटी लोकांच्या राज्याचे रस्ते, शाळा, दवाखाने, पगार, निवृत्तिवेतन, धरणं, सगळ्याचा वर्षाचा खर्च एकीकडे. आणि अठरा-एकोणीस लाखांच्या एका गावाचा टाचण्या, मोजे आणि खेळण्यांचा व्यापार दुसरीकडे. तराजू गावाकडे झुकतो! दिवसाला एकवीसशे कोटी. मिनिटाला दीड कोटीच्या जवळ. ‘कौन बनेगा करोडपती’चं सात कोटींचं बक्षीस इथे दर पाच मिनिटांनी, दिवसरात्र.

ही रक्कम पाचशेच्या नोटांत घेऊ. दीड हजार कोटींहून जास्त नोटा होतात. एकेक नोट पंधरा सेंटीमीटर लांब. टोकाला टोक लावत निघालो तर मुंबई-पुणे? पंधरा हजार वेळा! हे माप आता पुरेनासं झालं. म्हणून रस्ता सोडू आणि वर पाहू. नोटांची ही पट्टी तेवीस लाख किलोमीटर भरते. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. पट्टी चंद्रावर जाते, परत येते, पुन्हा जाते, परत येते, तिसऱ्यांदा जाते आणि परत येते!

पण नोट पाचशेची होती. यिवू पाचशेत विचार करत नाही, पैशात विचार करतं. मग त्याच्याच मापानं मोजू. समजा, यिवूनं २०२४ मध्ये केलेला सगळा व्यापार फक्त त्या नऊ पैशांच्या स्ट्रॉचा होता. ६६९ अब्ज युआनच्या स्ट्रॉ, ०.००८ युआनला एक. किती झाल्या? त्र्याऐंशी लाख बासष्ट हजार कोटी. प्रत्येक वीतभर. आता एक टोक सूर्याला लावू आणि बाहेरच्या दिशेनं मांडत जाऊ. पंधरा कोटी किलोमीटरवर पृथ्वी मागे पडली. मंगळ गेला. गुरू गेला, शनी गेला, युरेनस गेला. साडेचारशे कोटी किलोमीटरवर नेपच्यून, सूर्यमालेतला शेवटचा ग्रह, तोही गेला! आणि हातात अजून पाऊण हिश्श्याच्या आसपास स्ट्रॉ शिल्लक आहेत. हजार कोटी किलोमीटर. पंधराशे कोटी. १९७७ मध्ये सुटलेल्या व्हॉयेजर-१ यानाला जिथवर पोहोचायला तीस वर्षांहून जास्त लागली, तिथे, सोळाशे सत्तर कोटी किलोमीटरवर, शेवटची स्ट्रॉ येते. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत सव्वाआठ मिनिटांत पोहोचतो. स्ट्रॉच्या या रांगेच्या कडेनं तोच उजेड धावत सुटला तर दुसऱ्या टोकाला पोहोचायला त्याला साडेपंधरा तास लागतील, आणि तेवढ्या वेळात यिवूतून आणखी दोन कोटी पार्सलं निघालेली असतील!